फोटोत काय दिसते, काय दिसत नाही

मागच्या पावसाळ्यात मी तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने परत येत होतो. शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिचा विशीतला मुलगा बसला होता. बाईच्या मांडीवर दवाखान्याचे मोठे पाकीट होते. खिडकीतून येणारे पावसाचे थेंब त्यावर पडू नयेत म्हणून तिने ते पदराखाली धरले होते. बोलता बोलता कळले की मुलगा चार महिने कामाला जात नाही, धड जेवत नाही, रात्र रात्र जागा असतो. गावात कुणीतरी सुचवले, डोक्याचा फोटो काढून बघा. बाईने कानातली फुले गहाण टाकली आणि फोटो काढला. मी शाळामास्तर आहे हे समजल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, फोटोत काय बी न्हाई म्हनत्यात. मंग ह्यो असा का करतोय? ह्याचा चुलता म्हनतोय, सोंग करतंय."

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्याने ते ऐकले होते.

त्या दिवशी मला त्या माउलीला नीट उत्तर देता आले नाही. फोटोत काही नाही याचा अर्थ काय, हे सांगायचे तर आधी हे फोटो कुठून आले, ते कशाचे असतात, हे सांगावे लागते. एस.टी.च्या अर्ध्या तासात ते जमले नाही. आजच्या भाषणात ते जमते का पाहू या.

जिवंत माणसाचा मेंदू हाडाच्या पेटीत बंद असतो. त्यामुळे मेंदूचे दुखणे समजून घ्यायचे तर पूर्वी माणूस मरेपर्यंत थांबावे लागे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक रोगी एकवीस वर्षे राहत होता. लोकांचे बोलणे त्याला समजे, पण त्याच्या तोंडून 'तान' एवढाच शब्द निघे. म्हणून रुग्णालयात त्याचे नावच तान पडले. १८६१ च्या एप्रिल महिन्यात तो वारला. पॉल ब्रोका नावाच्या शल्यवैद्याने त्याचा मेंदू बाहेर काढून पाहिला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, मेंदूचा एक तुकडा नासून गेलेला होता. वाचेचा संबंध मेंदूच्या याच भागाशी असला पाहिजे, असे ब्रोकाने विद्वानांच्या सभेत मांडले. शास्त्राच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट झाली. पण तानच्या बाजूने पाहा. एकवीस वर्षांच्या दुखण्याचे कारण तो मेल्यानंतर कळले. ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, तसाच द्रवात जतन करून ठेवला. श्रोतेहो, हा मेंदू ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

यानंतर चौतीस वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतील वुर्झबुर्ग या गावी विल्हेल्म रंटगेन हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आपल्या प्रयोगशाळेत अंधार करून काम करीत होते. काचेच्या एका नळीतून ते विजेचा प्रवाह सोडीत होते. नळी काळ्या कागदाने पूर्ण झाकलेली होती. तरीही काही अंतरावर ठेवलेला, रसायन लावलेला पडदा चमकू लागला. कागदातून आरपार जाणारे हे किरण कसले, हे त्यांना माहीत नव्हते. गणितात अज्ञात राशीला आपण 'क्ष' म्हणतो, त्याच न्यायाने त्यांनी त्यांना 'एक्स' म्हटले. मराठीत ते क्ष-किरण झाले. २२ डिसेंबरला रंटगेनने आपल्या पत्नीचा हात छायाचित्राच्या काचेवर ठेवून त्यावर हे किरण सोडले. काचेवर हाताची हाडे उमटली आणि बोटातली अंगठीही उमटली.

ही करामत समजायला अवघड नाही. कंदिलापुढे हात धरला की भिंतीवर सावली पडते. उजेड हाताला अडतो, म्हणून ती सगळीकडे सारखीच काळी असते. क्ष-किरण मांसातून बरेचसे पार जातात, हाडाला मात्र अधिक अडतात. म्हणून त्यांची सावली हाडामांसाचा फरक दाखवते. एक्स-रेचा फोटो म्हणजे अशी सावली.

महिन्या-दोन महिन्यांत ही वार्ता जगभर पसरली. मोडलेले हाड, शरीरात रुतलेली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी डॉक्टर हे किरण वापरू लागले. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक रंटगेनना मिळाले. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही, आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली.

पण प्रत्येक नव्या वस्तूची किंमत कुणीतरी मोजतो. अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात क्लॅरेन्स डॅली नावाचा मदतनीस होता. क्ष-किरण नीट पडतात की नाही हे पाहण्यासाठी तो दिवसेंदिवस आपलाच हात त्यांच्यापुढे धरी. हाताला जखमा झाल्या, पुढे त्यांचा कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. एडिसनने क्ष-किरणांचे काम सोडून दिले. आज एक्स-रे काढणारा माणूस बटण दाबण्याआधी भिंतीआड जातो, ते उगीच नव्हे.

हाडे दिसू लागली, पण मेंदू काही दिसेना. मेंदू मऊ, त्याभोवती कवटी कठीण. सावली पडे ती कवटीची. अमेरिकेत बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी या शल्यवैद्याने १९१८-१९ साली यावर एक उपाय काढला. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. तो द्रव काढून त्या जागी हवा भरायची आणि मग फोटो घ्यायचा. हवेची पोकळी सावलीत उमटे. ती एका बाजूला ढकललेली दिसली, तर तिथे गाठ असावी असा तर्क करता येई. रोग्याला मात्र असह्य डोकेदुखी आणि ओकाऱ्या होत. पोर्तुगालमध्ये इगाश मोनीश याने १९२७ साली रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अडवणारे औषध सोडून त्यांचा फोटो घेतला. तेव्हा मेंदूतील नसांचे जाळे दिसू लागले. तरी मेंदू दिसत नव्हताच. घरात कोण आहे हे दारावरच्या चपलांवरून ओळखावे, तसला हा प्रकार. पन्नासएक वर्षे डॉक्टरांनी यावरच काम भागवले.

आता ऐका एका शेतकऱ्याच्या मुलाची गोष्ट. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यात न्यूअर्क गावाजवळ गॉडफ्रे हाउन्सफील्ड शेतावर वाढला. शेतीची यंत्रे कशी चालतात हे पाहण्यात त्याचा दिवस जाई. घरी बनवलेले पंख लावून गवताच्या गंजीवरून उडी मारण्याचेही प्रयोग त्याने केले. शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान सोडले तर बाकी यथातथाच. दुसऱ्या महायुद्धात तो विमानदलात रडारचे काम शिकला आणि पुढे ई.एम.आय. कंपनीत लागला. ही कंपनी गाण्यांच्या तबकड्या काढी. बीटल्स या गायकांच्या तबकड्या तिच्याच. तिथे १९६७ च्या सुमारास हाउन्सफील्डच्या डोक्यात एक कल्पना आली. बंद पेटीत काय आहे हे एकाच बाजूने बघून कळत नसेल, तर सर्व बाजूंनी मोजमाप घेऊन हिशेबाने का काढू नये?

शिक्षक मंडळींनी कागद-पेन्सिल घ्यावी. हे कोडे उद्या वर्गात घालता येईल. समजा, चार खोल्यांचा एक चौकोनी वाडा आहे. वरच्या ओळीत दोन खोल्या, खालच्या ओळीत दोन. प्रत्येक खोलीत धान्याची काही पोती आहेत, पण दारांना कुलुपे. आपल्याला एवढेच सांगितले आहे: वरच्या ओळीत मिळून ५ पोती, खालच्या ओळीत मिळून ९. डावीकडच्या दोन खोल्यांत मिळून ७, उजवीकडच्या दोन खोल्यांत मिळून ७. तर कोणत्या खोलीत किती? एक मुलगा म्हणेल, वर २ आणि ३, खाली ५ आणि ४. दुसरा म्हणेल, वर १ आणि ४, खाली ६ आणि ३. बेरजा दोघांच्याही बरोबर! मग खरे कोण? आता तिरकस बेरीज सांगा. वरची डावी आणि खालची उजवी मिळून ४ पोती. झाले! दुसऱ्या मुलाचे उत्तर तेवढे टिकते. दार न उघडता प्रत्येक खोलीतली पोती मोजता आली, कारण आपण तिसऱ्या दिशेनेही पाहिले.

सी.टी. स्कॅन म्हणजे हेच कोडे, फक्त मोठे. किरण एका रेषेत डोक्यातून जाताना एकूण किती अडला, ही झाली एका ओळीची बेरीज. यंत्र डोक्याभोवती थोडे थोडे फिरत अशा बेरजा घेत जाते. हाउन्सफील्डच्या पहिल्या यंत्रात एका कापाचे ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकोन पाडलेले असत, आणि त्यासाठी २८,८०० मोजमापे घेतली जात. हे गणित हाताने कोण सोडवणार? ते काम संगणकाने केले. प्रयोगशाळेतल्या पहिल्या खटपटीत एक चित्र घ्यायला नऊ दिवस लागले होते. मग नऊ तास, मग काही मिनिटे. अशाच प्रश्नाचे गणित दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या अॅलन कॉर्मॅक या शास्त्रज्ञाने १९६३-६४ सालीच छापले होते. पण त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नव्हते.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका बाईच्या डोक्याचे चित्र या यंत्राने घेतले. तिच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. चित्रात गाठ दिसली. शस्त्रक्रियेत ती चित्रात होती तिथेच सापडली. हाडाची पेटी न उघडता, आत हवा न भरता, जिवंत माणसाच्या मेंदूचा काप प्रथमच असा पाहायला मिळाला. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना मिळून देण्यात आले.

या शोधाचा आपल्या घराशी काय संबंध, ते आता सांगतो, आणि हे नीट ऐका. घरात एखाद्याचे तोंड अचानक वाकडे होते, एक हात लुळा पडतो, जीभ जड होते. आपण म्हणतो, लकवा मारला. हा झटका दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकते, दुसऱ्यात नस फुटून रक्त वाहते. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन देता येते, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे. नस फुटली असेल आणि तेच इंजेक्शन दिले, तर माणूस दगावेल. यातले कोणते, हे मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही नाडी पाहून खात्रीने सांगता येत नाही. सी.टी. स्कॅन काही मिनिटांत सांगतो. म्हणून लकवा मारला की अंगारा, मालीश, जडीबुटी यांत वेळ घालवू नका. सकाळी बघू, असेही म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे स्कॅनची सोय आहे तिथे रोग्याला सरळ न्या. झटका किती वाजता आला ते लक्षात ठेवून सांगा. इथे फोटो प्राण वाचवतो, कारण त्याला विचारलेला प्रश्न नेमका असतो: गुठळी की रक्तस्राव?

आता दुसरे यंत्र घेऊ. लोक त्याला एम.आर.आय. म्हणतात. यात क्ष-किरण नाहीत. आपल्या शरीरात मुख्यतः पाणी आहे. मेंदूतही सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच. पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूचा गाभा म्हणजे जणू होकायंत्राची इवलीशी सुई. शक्तिमान लोहचुंबकाच्या पोटात माणसाला निजवले की यांतल्या काही सुया त्या चुंबकाच्या रोखाने वळतात. मग त्यांना रेडिओलहरींचा एक धक्का द्यायचा. माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या लहरी ज्या जातीच्या, त्याच जातीच्या या लहरी. धक्का थांबला की सुया पुन्हा जागेवर येतात आणि येताना स्वतःच बारीक रेडिओलहरी सोडतात. त्या ऐकून, कुठे किती पाणी आहे आणि ते कोणत्या पेशीजालात आहे, याचे चित्र काढता येते. एम.आर.आय. हा पाण्याचा नकाशा आहे, असे म्हटले तरी चालेल. म्हणून मऊ मेंदू, मणक्यातली गादी, गुडघ्यातले स्नायुबंध यात स्पष्ट दिसतात.

अणूंच्या या वागण्याचा अभ्यास ब्लॉक आणि पर्सेल या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी रोग्याचा विचार कुणाच्याही मनात नव्हता. १९७३ साली अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी या मार्गाने पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढले. त्यांचा लेख नियतकालिकाने प्रथम परत पाठवला होता! १९७७ साली रेमंड डमेडियन यांनी माणसाच्या छातीचे चित्र घेतले, त्याला जवळजवळ पाच तास लागले. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफील्ड यांनी हे काम झपाट्याने करण्याची रीत शोधली. हे मॅन्सफील्ड पंधराव्या वर्षी शाळा सोडून नोकरीला लागलेले. १९७८ साली त्यांनी स्वतःच आपल्या यंत्रात उभे राहून आपले चित्र काढून घेतले. २००३ साली लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वर्गात मागे पडलेल्या मुलांकडे पाहताना शिक्षकांनी हाउन्सफील्ड आणि मॅन्सफील्ड ही दोन नावे आठवावीत.

तिसरे यंत्र आवाजाचे. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडायच्या आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपायचा. ग्लासगो येथील डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी हे तंत्र कारखान्यातून उचलले. लोखंडाच्या जोडात भेग आहे का, हे पाहायला तिथे असे यंत्र वापरीत. १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या गाठींची आणि गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. आज आपण याला सोनोग्राफी म्हणतो. गर्भाची वाढ नीट आहे ना, वार योग्य जागी आहे ना, हे तीमुळे वेळेवर कळते आणि कितीतरी बाळंतिणी वाचतात. पण आपल्या महाराष्ट्रात याच यंत्राला एक वेगळा प्रश्न विचारला गेला. मुलगा की मुलगी? याला बंदी करणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाल्या. यंत्र कारखान्यात बसून मुलींच्या वाईटावर उठले नव्हते. प्रश्न आपण विचारला.

इथवर आपण शरीराची रचना दाखवणारी चित्रे पाहिली. हाड कुठे, गाठ कुठे, पाणी कुठे. पण एस.टी.तल्या त्या बाईचा प्रश्न निराळा होता. मुलाच्या मनात काय चालले आहे, ते फोटोत दिसते का?

माणूस विचार करतो तेव्हा मेंदूत काय बदलते, याचा शोध जुना आहे. इटलीतील तुरीन येथे अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाला एका मोठ्या तराजूवर आडवे निजवले. मनाने काम केले तर डोक्याकडे रक्त जाऊन तराजू त्या बाजूला झुकतो का, हे त्यांना पाहायचे होते. उपाय भोळा वाटेल, पण कल्पनेत तथ्य होते. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या एकूण शक्तीपैकी जवळपास वीस टक्के तो खातो. जिथे काम वाढते तिथे रक्तपुरवठा वाढतो.

हा पुरवठा पाहण्याच्या दोन रीती निघाल्या. पहिली पेट स्कॅनची. किंचित किरणोत्सर्ग करणारी साखर टोचायची आणि ती कुठे जास्त खपते ते पाहायचे. अशी साखर माणसाला प्रथम १९७६ साली अमेरिकेत देण्यात आली. कर्करोगाची गाठही साखर अधाशासारखी खाते, म्हणून कर्करोग कुठे पसरला आहे हे शोधायला पेट स्कॅनचा मोठा उपयोग होतो. दुसरी रीत जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० साली दाखवली. प्राणवायू असलेले रक्त आणि प्राणवायू संपलेले रक्त यांचे चुंबकापुढचे वागणे वेगळे असते. म्हणजे काहीही न टोचता, एम.आर.आय.मध्येच, मेंदूत रक्ताची ये-जा पाहता येते. १९९२ पासून माणसांवर हे प्रयोग सुरू झाले आणि मानसशास्त्राला एक नवे दालन उघडले.

या यंत्राने काय साधले, याचे एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये मोटार अपघातात सापडलेली एक तरुणी कित्येक महिने निश्चल पडून होती. डोळे उघडे, पण कशालाही प्रतिसाद नाही. तिला काही कळत नाही, असेच सर्वांनी धरले होते. २००६ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तिला यंत्रात निजवून सांगितले, "तू टेनिस खेळते आहेस, अशी कल्पना कर." नंतर सांगितले, "आपल्या घरातून खोल्या-खोल्यांतून फिरते आहेस, अशी कल्पना कर." दोन्ही वेळा तिच्या मेंदूत त्या त्या जागी रक्तपुरवठा वाढला, अगदी धडधाकट माणसांत वाढतो तसा. ती ऐकत होती! पुढे अशा ५४ रोग्यांची तपासणी होऊन २०१० साली तिचा निष्कर्ष छापला गेला. त्यांपैकी ५ जणांना सांगितल्याप्रमाणे कल्पना करता येत होती. पाच हा आकडा लहान वाटेल. पण त्या पाचांच्या खाटेशेजारी बसलेल्या माणसांना विचारा.

आता नाण्याची दुसरी बाजू. २००९ साली काही अमेरिकी शास्त्रज्ञांनी बाजारातून आणलेला एक मेलेला सामन मासा याच यंत्रात ठेवला. त्याला माणसांची चित्रे दाखवली आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितल्या. हिशेब केला, तर मेलेल्या माशाच्या मेंदूत एक लाल ठिपका उमटला! ही थट्टा मुद्दाम केलेली होती. यंत्र एका वेळी हजारो चौकोन तपासते. इतक्यांत एखादा निव्वळ योगायोगाने वेगळा निघतोच. हिशेबात त्याची वजावट केली नाही, तर मेलेला मासाही विचार करताना दिसतो.

वर्तमानपत्रांत मेंदूची लाल-पिवळी चित्रे येतात, तेव्हा हा मासा आठवावा. मेंदूत तसा लाल रंग कुठे पेटलेला नसतो. दोन वेळच्या मोजमापांतला फरक दाखवायला रंग माणसाने भरलेला असतो. यंत्र पाहते ते रक्त, विचार नव्हे. तेही पाच-सहा सेकंद उशिराने, आणि एका बारीक चौकोनात लाखांच्या घरात पेशी असतात. पुष्कळ वेळा ते चित्र एका माणसाचे नसून अनेकांची सरासरी असते. वर्गाची सरासरी उंची सांगितली, म्हणून बाकावरच्या एका मुलाची उंची कळते का?

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. तिच्या मुलाला झाले होते तसे उदासीनतेचे दुखणे, किंवा भास होणे, संशयाने पछाडले जाणे, असले मनाचे आजार आजच्या कोणत्याही स्कॅनवरून ओळखता येत नाहीत. शेकडो रोग्यांची सरासरी घेतली, तर निरोग्यांपेक्षा थोडा फरक आढळतो. पण एकट्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवून 'हे पाहा त्याचे दुःख' असे कुणालाही म्हणता येत नाही. मग डॉक्टर अशा रोग्याचा फोटो कधी कधी का काढवतात? गाठ, रक्तस्राव, सूज, जुना मार असे दुसरे काही तर नाही ना, हे पाहायला. फोटो स्वच्छ आला, म्हणजे ती भीती टळली. आजार टळला असे नव्हे. मनाच्या आजाराचे निदान आजही जुन्याच रीतीने होते: डॉक्टर रोग्याजवळ बसतात, झोप कशी, भूक कशी, किती दिवस असे वाटते, जीव नकोसा होतो का, हे विचारतात आणि ऐकतात. आणि त्याला उपचार आहेत.

म्हणून फोटोत काही आले नाही तर 'सोंग करतो' असे म्हणू नका. एक्स-रे सावली पाहतो, एम.आर.आय. पाणी पाहतो, पेट साखर पाहतो. ज्याला जे दिसते तेच तो सांगणार. तराजूत ताप मोजला जात नाही, म्हणून ताप खोटा ठरत नाही. आपल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. जिल्हा रुग्णालयात विचारा. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. त्यावर फोन करून मोकळेपणाने बोलता येते.

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी. स्कॅन आपण होऊन मागू नका, डॉक्टरांना विचारा, "यातून काय कळायचे आहे?" सी.टी.मध्ये किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून ती गरजेपुरतीच घ्यावी. बाई गरोदर असेल तर एक्स-रे आणि सी.टी.च्या आधी सांगावे. एम.आर.आय.च्या खोलीत चुंबक सदैव चालू असतो. छातीत पेसमेकर बसवला असेल, शरीरात धातूचा तुकडा असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधी बोलावे. आणि जुने फोटो फेकू नका. नव्याशी ताडून पाहायला जुना लागतो.

आता पॅरिसच्या त्या मेंदूकडे. तानचा मेंदू तिथल्या संग्रहालयात जतन करून ठेवला होता. २००७ साली शास्त्रज्ञांनी त्याचे एम.आर.आय.ने घेतलेले चित्र प्रसिद्ध केले. ब्रोकाने वरून पाहिलेली जखम खरी होती. पण ती तेवढीच नव्हती. नुकसान खूप आतपर्यंत, मेंदूचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या दोरांपर्यंत पोचले होते. वाचा एका ठिकाणी राहते, ही समजूत अपुरी ठरली. ब्रोका काही चुकीचे बोलला नव्हता. त्याच्या डोळ्यांना जेवढे दिसले तेवढे त्याने सांगितले, आणि मेंदू न कापता पुढच्यांसाठी ठेवला.

आमची एस.टी. गावाच्या फाट्यावर थांबली, तेव्हा ती बाई पाकीट सावरीत उतरली. मुलगा मागे उतरला. त्याच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो, याची मला अजून रुखरुख आहे. तुमच्या घरी, शेजारी, वर्गात असा कुणी असेल, तर पाकीट बाजूला ठेवून आधी त्याच्याशी बोला. त्याला काय होते आहे, हे सध्या तरी त्यालाच विचारावे लागते.